'सस्पिशन'चं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक दंडक होता: एकाच्या कार्डाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. कार्डावर इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ, वापराचं एक वाक्य आणि खाली लिहिणाऱ्याची सही. तपासनिसाला चूक दिसली, तर त्याने लाल शेरा मारून कार्ड परत पाठवायचं. असे दहा शेरे झाले की त्याला नेमून दिलेलं इंग्रजी अक्षर काढून घेत. माझ्याकडे 'एस' होतं. ते मिळवायला मी अकरा वर्षं घासली होती.

आमच्या तपासनिसांना सगळे कानामात्रा म्हणत. वाणसामानाच्या यादीतले ऱ्हस्वदीर्घ सुधारल्याशिवाय हा माणूस दुकानात जात नसे.

'सस्पिशन' पुढे आला तेव्हा मी त्याच्यावर दोन दिवस घालवले. शंका, संशय, वहीम, शिवाय एखाद्या गोष्टीचा नुसता मागमूस. शंका विचारतात, संशय घेतात. शंकेला समोर माणूस लागतो, संशयाला तो नसला तरी चालतं. हे सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात छपाईच्या कच्च्या प्रतीत माझी नसलेली वाक्यं दिसली. कार्डं काढून पाहिली. अक्षर माझ्यासारखं, पण माझं नव्हे. मनात पाल चुकचुकली. कानामात्रांचा माझ्या 'एस'वर डोळा आहे, असं मी ठरवूनच टाकलं. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही, तडक संपादकांकडे गेले.

संपादकांनी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"कार्डं तुम्ही बदललीत?"

"हो."

"का?"

कानामात्रांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "त्याला उत्तर नाही, साहेब."

निवृत्तीला पाच महिने असताना त्यांना घरी बसवलं.

दोन महिन्यांनी नव्या तपासनीस मुलीला त्यांच्या खणात एक गठ्ठा सापडला. "ताई, ही तुमची ना?"

छप्पन्न कार्डं. अक्षर माझं, सही माझी. एकच अर्थ तीन-तीनदा लिहिलेला, वाक्यं मध्येच तुटलेली. आणि 'सस्पिशन'पुढे पहिला अर्थ मी लिहिला होता: भरवसा. दुसऱ्या कुणी लिहिला असता, तर मी हसून लोळले असते. तेव्हा आई दवाखान्यात होती. रात्रभर तिच्या उशाशी बसून मी सकाळी कामावर यायचे आणि आपलं सगळं ठीक चाललंय असं समजायचे. त्यांनी शेरे मारले असते तर 'एस' गेलं असतं. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तरी गेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली होती.

संपादकांना सगळं सांगितलं आणि तशीच कानामात्रांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं, पाणी दिलं.

"आई कशा आहेत?"

"गेली. महिना झाला."

मग मला रडू आवरेना. "काका, चुकलं माझं. साहेब बोलावतायत तुम्हाला. 'एस' मी सोडलं. चला ना परत."

"राग नाही हो, बाई. राग असता तर भांडायला तरी आलो असतो."

"मग?"

"चाळीस वर्षं मान खाली घालून काम केलं. आता तिथे बसलो, तर प्रत्येक कार्ड उचलताना आधी मान वर करीन. कोण बघतंय, ते बघायला. असं नाही हो तपासता येत."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि ते आत गेले.