तुलेचा गूळ

व्यंकू दोन वर्षांचा झाला तरी उभा राहिला की पाय लटपटत. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पोट तेवढं पुढे आलेलं. गावातली कोणतीही बाई आधी त्याच्याकडे बघे, मग त्याच्या आईकडे, आणि ते दुसरं बघणं कोकिळेच्या काळजात घुसे. आधीची दोन लेकरं तिच्या मांडीवरच गेली होती.

म्हणूनच व्यंकू जन्मला तेव्हा सासूने, गोजरबाईने, देऊळगाव राजाच्या बालाजीला नवस बोलून टाकला. पोरगं तीन वर्षांचं होऊ दे, त्याची गुळाने तुला करीन. तोवर आईचं सोडून दूध, तूप, गूळ, काही त्याच्या तोंडाला लागू देणार नाही. नवस बोलणाऱ्याने स्वतःचं काही सोडायचं असतं. गोजरबाईने नातवाचं सोडलं! घरात म्हैस दुभती, मडक्यात गूळ, आणि पोराच्या ताटलीत पाण्यासारख्या वरणात कुस्करलेली भाकर.

अमडापूरच्या दवाखान्यात नर्सबाईंनी व्यंकूचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"याला आजार नाही, उपास घडतोय," त्या म्हणाल्या. "दाण्याचं कूट, डाळ्याचं पीठ, तूप-गूळ घालून लाडू कर. घट्ट वरण दे. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. असंच चाललं तर हे पोर हिवाळा काढणार नाही, बाई."

कोकिळेने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "मायच्या नवसात मी पडत नाही," म्हणून उत्तमराव बैल सोडायला निघून गेला. बैलांचं त्याला बरोबर कळायचं.

तिने नुसतं कूट भरवून पाहिलं. व्यंकू थुंकून टाकी. शेवटी एका सकाळी सासू गोठ्यात गेलेली पाहून तिने मडक्यात हात घातला. आपण देवाचं चोरतोय याची तिला खात्री होती, कारण बालाजीवर तिचाही तेवढाच विश्वास होता. नर्सबाईंचं ऐकावं तर देव कोपेल, आणि न ऐकावं तर पोर डोळ्यांदेखत जाईल.

कापसाच्या शेतात, बांधावरच्या बाभळीखाली ती त्याला लाडू भरवी, तोंड धुवी, पदराने पुशी आणि पढवी, "आजीनं इचारलं त काय सांगशीन?"

"मी गूळ खात नाई," व्यंकू बोबडं बोले.

पौषात त्याला ताप भरला तेव्हा तिने देव्हाऱ्यापुढे नाक घासलं. ताप उतरला आणि तिने पुन्हा मडक्यात हात घातला.

संक्रांतीच्या सुमारास गोजरबाई नातवाला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. त्याच्या अंगरख्याच्या गळ्यावर मुंग्या चढलेल्या. तिने एक चिमटीत धरून निरखली.

"काऊन व, याले मुंग्या कायच्या लागून राह्यल्या?"

"भुईवर लोळते ना थो," कोकिळा म्हणाली.

सासूने मुंगी झटकून टाकली. पण दुसऱ्या दिवसापासून ती चहा बिनगुळाचा पिऊ लागली, तिळगूळही तिने परत केला. दात दुखतात म्हणे. कोकिळेला वाटलं, म्हातारी मडक्यावर नजर ठेवतेय. स्वतः खात नाही तरी गूळ कमी कसा होतो ते बघतेय. आता कोकिळा गूळ काढला की खाच दिसू नये म्हणून उरलेल्याचा खालचा भाग वर करून ठेवू लागली. तिला जेवण जाईना, पण व्यंकूचे लाडू तिने चुकवले नाहीत.

चैत्रात व्यंकूला तिसरं पुरं झालं. सगळे एसटीने देऊळगाव राजाला गेले. आवारात तराजू टांगला. उत्तमरावाने अंदाजाने आणलेल्या ढेपा एका पारड्यात चढल्या, तरी व्यंकूचं पारडं उठेना.

"गूळ कमी पडला बे!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. उत्तमराव हरखून बाजाराकडे धावला. कोकिळा मात्र गारठली. गूळदुधाशिवाय पोर एवढं भरलं कशाने, हे आता कोणीही विचारील.

नवी ढेप आली, पारडी समान झाली. पुजाऱ्याने गोजरबाईच्या हातावर खडा ठेवला. "द्या, नातवाचा पहिला गूळ."

व्यंकूने खड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ओठ गच्च मिटले.

"मी गूळ खात नाई, आजी."

"केवढं देवभोळं लेकरू!" बायका कौतुकाने म्हणाल्या. कोकिळेला रडू फुटलं. एवढ्याशा जिवाला आपण काय शिकवून ठेवलं!

गोजरबाईने तो खडा तिच्या हातात दिला आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "तुह्याच हातानं दे. रोजच्यावानी."

"आत्याबाई, तुमाले ठाऊक होतं?"

"मुंग्या का भुईच्या वासानं येतेत? त्याच दिशी देवाले सांगतलं, लेकराचं सोड, आता माह्यावर घे." तिने पारड्यातला बारीकसा चुरा उचलून आपल्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. दात तिचे चांगले शाबूत होते.

"खाय बापा," कोकिळा म्हणाली. "आजीसमोर खाय."

व्यंकूने खडा तोंडात घेतला, आणि सवयीने लगेच बाहीने तोंड पुसून टाकलं.