सात म्हणजे काय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत बाईंना सगळे पुस्तिकाबाई म्हणत, कारण सतरा वर्षं त्या माहितीपुस्तिकाच लिहीत आल्या होत्या. त्यातली एखादी कोणी उघडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. एकदा बाईंनी मुद्दाम मधल्या पानावर छापलं, 'हे वाचणाऱ्यानं मला भेटावं, चहा पाजीन.' तो चहा अजून बाईंकडेच शिल्लक आहे.

आता मात्र वाचणारे आले होते. कोणत्या लिफ्टकडे मिस्त्री आधी धाडायचा, हे यापुढे एआय एजंट, म्हणजे संगणकातले कारकून, ठरवणार होते. पण डेटाबेसमधले रकाने त्यांना कळेनात, म्हणून एक 'शोधक' बनवला. एजंटनं विचारायचं, 'या रकान्यात पाच लिहिलंय, म्हणजे काय?' आणि शोधकानं अर्थ सांगायचा. अर्थ अर्थातच आधी कोणीतरी लिहून ठेवायला हवा. चारशे बारा रकाने, मुदत एक महिना, आणि घोंगडं पडलं बाईंच्या गळ्यात.

बाईंचा जीव मात्र एका चौथ्या मजल्यावर अडकला होता. त्यांच्या बाबांच्या इमारतीतली लिफ्ट याच कंपनीकडे, आणि ती नऊ महिने बंद. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा खाली उतरलेच नव्हते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मोत्यासारख्या अक्षरात तक्रारीची पत्रं लिहायचा. एकतीस झाली. बाई म्हणायच्या, "बाबा, मी बोलू का ऑफिसात?" की म्हातारा उसळायचा.

"खबरदार! वशिला लावायचा नाही. वाचतील की कधीतरी."

बाविसाव्या दिवशी बाई 'ग्राहकाचा वर्ग' या रकान्याशी आल्या. त्यात एक ते सात आकडे. दोन ते सहाचा अर्थ जुन्या कागदांत मिळाला. एक आणि सात तेवढे बेवारस. बाई तक्रारखिडकीवरच्या काकांकडे गेल्या.

"एक म्हणजे साहेबांच्या ओळखीचे," काका म्हणाले. "आणि सात म्हणजे डोकेदुखी. तीन तक्रारींच्या वर गेला की मी सात टाकतो. सातवाल्यांचं काम सगळ्यात शेवटी, म्हणजे कधीच नाही. कंटाळून गप्प बसतात हो. साहेबांचा नियम आहे, तोंडी."

बाईंनी जागेवर येऊन बाबांचं नाव शोधलं. पुढे सात होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा प्रत्येक पत्राला चांगला कागद वापरायचा.

तरी काम ते काम. बाईंनी खरं तेच लिहिलं, 'सात: वारंवार तक्रार करणारे. यांची दुरुस्ती सर्वांत शेवटी,' आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब खुर्चीतून उडालेच.

"अहो, पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी आहे! हे तपासनिसांच्या हाती लागलं तर? घ्या लिहून. 'सात: कंपनीचे सर्वांत जिव्हाळ्याचे ग्राहक. यांची दुरुस्ती सर्वांत आधी.' आणि एक म्हणजे, हं, 'समजूतदार ग्राहक. हे थांबायला तयार असतात.'"

"असंच लिहू? शब्दशः?"

"शब्दशः. तसंही तुमचं लिहिलेलं वाचतो कोण?"

हे बाईंना फार लागलं. शोधक कोणासाठी बनतोय, याची आठवण करून द्यायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मजकूर जसाच्या तसा उतरवला, खाली 'साहेबांच्या सांगण्यावरून' असं लिहून तारीख घातली आणि साहेबांची सही घेतली. साहेबांनी न वाचताच सही ठोकली. हा वशिला झाला का, हा विचार बाईंना दोन दिवस टोचत राहिला. पण बाबांसाठी त्यांनी स्वतःचा एक शब्दही लिहिला नव्हता.

सोमवारी एजंट कामाला लागले. त्यांनी शोधकाला विचारलं, अर्थ वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. या कंपनीत असं पहिल्यांदाच घडत होतं. एकशे त्रेचाळीस सातवाल्यांकडे सकाळीच मिस्त्री रवाना झाले. दुपारी साहेबांचे सासरे आठव्या मजल्यावरून फोनवर फोन करत होते. एजंट त्यांना गोड आवाजात सांगत होता की आपण समजूतदार आहात.

साहेब धावत आले. "बदला ते आत्ताच्या आत्ता!"

"बदलते की," बाई म्हणाल्या. "खरं काय ते लिहू ना? तेवढी तुमची सही लागेल."

साहेबांना पुढच्या महिन्यातली तपासणी आठवली. "राहू द्या," ते म्हणाले.

संध्याकाळी बाई बाबांकडे गेल्या, तर म्हातारा इमारतीच्या पायरीवर, मोकळ्या हवेत, मांडीवर फळी घेऊन पत्र लिहीत होता. नऊ महिन्यांनी बाबांना जमिनीवर बघून बाईंना रडू फुटलं.

"आता कसली तक्रार, बाबा?"

"तक्रार नाही गं. वाच."

'लिफ्ट सुरू झाली. आपल्या कार्यालयात कागद वाचणारं कोणीतरी नवीन आलेलं दिसतं. त्याला कृपया कामावरून काढू नये.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पत्र खिडकीवर दिलं. काकांनी नाव बघितलं आणि पत्र न उघडताच त्यावर सात टाकला.