तांबडी सवत

मी एक जुनी, रुंद बुडाची लाकडी होडी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक फार सोशिक असतात. त्या झिजतात, अडगळीत पडतात आणि शेवटी सगळ्यांचे भले चिंतून गप्प बसतात. मी तशी नाही. मी एका माणसावर डूख धरून आहे, आणि तो का धरला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तो माणूस म्हणजे आमच्या घरचा जावई.

पण आधी जन्मापासून सांगते, म्हणजे तुम्ही मला उगाच खाष्ट म्हणणार नाही.

आमचे घर तळ्याच्या काठावर आहे. घरची बाई मधमाश्या पाळते. परसात तिच्या लाकडी मधपेट्या ओळीने मांडलेल्या असतात. मागच्या खोलीत मध गाळायचे यंत्र आहे आणि भिंतभर बरण्या आहेत. आमच्या काठावरचा फुलोरा लवकर संपतो, आणि तो संपला की पलीकडच्या काठावरच्या बागा फुलतात. तेव्हा माश्यांना पेट्यांसकट पलीकडे न्यावे लागते, नाहीतर त्या उपाशी मरतात. तळ्याला वळसा घालून एक रस्ता जातो, पण त्यात रस्ता कमी आणि खड्डे जास्त. बाईने एकदा ट्रकने पेट्या नेल्या, तर धक्क्यांनी आतली पोळी तुटून माश्या स्वतःच्याच मधात बुडून मेल्या. त्या दिवशी तिने ठरवले, की यापुढे पाण्यानेच जायचे.

ती सुताराकडे गेली. सुतार हौशी होता. त्याला बाकदार, निमुळती, बघत राहावी अशी होडी करायची होती. बाईने त्याच्या हातातला खडू घेतला, त्याच्याच कारखान्यात जमिनीवर पेट्यांचे चौकोन आखले, मध्ये आपले पाय ठेवायला जागा सोडली आणि म्हणाली, "आता याच्याभोवती होडी काढा."

"वहिनी, ही होडी नाही, परात होईल," सुतार म्हणाला. "लोक हसतील मला."

"हसू देत. माझी पेटी कलंडायला नको."

म्हणजे बघा, मी जन्माला यायच्या आधीच माझा अपमान झाला होता. तरी त्या सुताराला मी माफ केले, कारण नाके मुरडत का होईना, त्याने काम चोख केले. माझा तळ सपाट झाला, कड रुंद झाली, आणि लांबी बाईला एकटीला वळवता येईल एवढीच राहिली. वेगाचे म्हणाल, तर बदके मला मागे टाकत आणि वळून बघत.

कित्येक वर्षे आम्ही दोघींनी ते काम केले. उजाडायच्या सुमारास, माश्या आत असतानाच, बाई पेट्यांच्या तोंडात गवताचे बोळे कोंबायची आणि एकेक पेटी उचलून माझ्यात ठेवायची. मग वल्हे हळू मारत आम्ही निघायचो. त्या पेट्यांचा गुणगुणाट माझ्या फळ्याफळ्यांतून फिरायचा. तेवढे सुख मला पुढे कशातच मिळाले नाही. इतक्या वर्षांत माझ्यातून एकही पेटी पडली नाही. इतर मधवाले मला मागून न्यायचे आणि परत आणताना माझी तारीफ करायचे. पोहणारी पोरे एकाच बाजूने माझ्या कडेला लोंबकळायची आणि मी ढिम्म हलायची नाही. मला गर्व झाला असेल, तर तो मी कमावलेला होता.

मग बाईचा खांदा दुखू लागला. पेटी उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघू लागला. तेव्हा तिची लेक आणि जावई इथे राहायला आले. जावई आळशी नव्हता, हे मला शत्रूबद्दलसुद्धा कबूल करावे लागेल. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या बरण्या घासून उन्हात मांडल्या. पण त्याने कॉलेजात वल्ह्यांच्या शर्यती जिंकल्या होत्या, आणि ती हवा अजून डोक्यातून गेली नव्हती. तो माझ्यात बसला, चार हात मारले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही होडी आहे की म्हैस?"

लेक हसली. बाईसुद्धा थोडी हसली. ते मला जास्त लागले.

त्यानंतर तो दोघींना घेऊन होड्यांच्या दुकानात गेला. तिथे काय झाले ते लेक नंतर धक्क्यावर बसून शेजारणीला सांगत होती, म्हणून मला कळले. दुकानात गालिचा होता आणि त्यावर होड्या मांडलेल्या होत्या. होडी कशासाठी हवी, असे दुकानदाराने विचारले. "वेगासाठी," जावई म्हणाला. मग तो एका होडीत बसला, लेक बसली, बाईलाही आग्रहाने बसवले आणि तिघांनी फोटो काढला. होडी जरासुद्धा डुगडुगली नाही म्हणून सगळे खूश झाले. मित्रांनो, गालिच्यावर कुठलीच होडी डुगडुगत नाही.

अशी ती घरात आली. तांबडी, चकचकीत, सडपातळ, गोल बुडाची, एकट्याने खांद्यावर टाकून न्यावी इतकी हलकी. माझी सवतच की. तिच्यासाठी धक्क्यावरचा माझा दोर सोडला गेला. मला ओढत शेडमागे नेले आणि दोन ओंडक्यांवर पालथे घातले.

तोवर मी पाण्याबाहेर फार तर एखादा दिवस राहिले होते. तो उन्हाळा मी तिथे पडून काढला. माझे लाकूड सुकले, फळ्या आक्रसल्या, सांध्यांत फटी पडल्या. मांजर माझ्या पाठीवर झोपायचे. जावई बरण्या पुसायची ओली फडकी माझ्या तळावर वाळत घालायचा. एकदा तो लेकीला म्हणाला, की हिला मधोमध करवतीने कापू, दोन्ही अर्धे उभे करू आणि मध मांडायला झकास फडताळे होतील. त्या दिवशी मी मनाशी शपथ घेतली. लोक शत्रूला पाण्यात पाहतात म्हणे. मला त्याला खरोखरच पाण्यात पाहायचे होते. एकदा, फक्त एकदा तो माझ्यात बसायला हवा होता.

आधी पाळी माझ्या सवतीची आली. आमच्या काठावरचा फुलोरा संपला आणि पेट्या हलवायची सकाळ उजाडली. पालथी पडल्या पडल्या कडेखालच्या फटीतून मला धक्का दिसत होता. जावयाने तांबडीत दोन पेट्या ठेवल्या. एकीवर एक, कारण शेजारी शेजारी मावेनात. बाईने आत पाय ठेवून बघितला, होडी लचकली, तसा तिने पाय मागे घेतला. "मी काठावरून बघते," ती म्हणाली. जावई एकटाच बसला. त्याने शर्यतीतला पहिला जोरकस हात मारला आणि वरची पेटी त्याच्या मांडीवर आली.

पुढचे सांगताना मला आजही गोड वाटते. तांबडी उलटली, पेट्या फुटल्या, आणि पाणी छातीइतकेच असल्यामुळे जावयाला नीट उभे राहून चावून घेता आले. माश्यांनी त्याचा एक कान वड्यासारखा फुगवला. मी शेडमागे पडून होते, नाहीतर नाचले असते.

मग मी बाईकडे पाहिले. ती पाण्यात उतरून हातांनी ओल्या माश्या गोळा करत होती, जशा अंगणात सांडलेल्या बिया गोळा कराव्यात तशा. बहुतेक मेल्या होत्या. त्यांचे मला वाईट वाटले. जावयाचे नाही.

"जावईबापू," तिने शेवटी विचारले, "तुम्ही दुकानात एक तरी पेटी नेली होतीत का?"

एकही नेली नव्हती. पण माणूस पडला तरी नाक वर. दुसऱ्या दिवशी फुगलेला कान घेऊन तो म्हणू लागला, की पेट्याच बेढब आहेत आणि आता त्या ट्रकनेच नेऊ. बाई ट्रकचे नावही काढू देईना. परसातल्या माश्यांना ती साखरेचे पाणी पाजून जगवत होती, पण ते असे किती दिवस चालणार? पेट्यांच्या तोंडाशी रोज मेलेल्या माश्यांचा छोटा ढीग साचू लागला. "माझी जुनी होडी पाण्यात घाला," असे बाईने सांगितले, तेव्हा जावई म्हणाला, की ती आता चाळणी झाली आहे आणि हे तो सिद्ध करून दाखवील.

बाई लेकीबरोबर खांद्याच्या डॉक्टरकडे गेल्यावर त्याने ते केले. मला ओढत काठावर आणले, कोरडीठाक तशीच पाण्यात ढकलले आणि स्वतः आत बसला.

मित्रांनो, याच क्षणासाठी मी उन्हाळा काढला होता. मी प्रत्येक फट उघडी सोडली. खरे सांगायचे तर ती मिटणे माझ्या हातात नव्हतेच, पण असते तरी मी मिटली नसती. पाणी चारी बाजूंनी आत आले. तो बुटांसकट, पाकिटासकट, फुगलेल्या कानासकट माझ्यात बसून बुडाला. मी तळाला टेकले तेव्हा त्याच्या कमरेला पाणी होते आणि माझ्या मनात आनंद मावत नव्हता.

तो निथळत बाहेर आला आणि हसला. "बघ," मला म्हणाला, "मी सांगत होतो ना? चाळणी. आता करवत."

तेव्हा माझे डोळे उघडले. मी सूड उगवला नव्हता, त्याला हवा होता तो पुरावाच हातात दिला होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे याला म्हणतात.

संध्याकाळी बाई आली. जावयाने सगळे रंगवून सांगितले. ती माझ्यापाशी आली, काठावरचे दोन मोठे दगड दुखऱ्या खांद्याने एकेक करून आणले आणि माझ्यात ठेवले. मी आणखी खोल बसले. माझी कडसुद्धा पाण्याखाली गेली.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "परवा बघू."

जावयाने मला लाथाडले ते मी समजू शकत होते, तो परका. पण जिच्यासाठी मी माझ्या कडा झिजवल्या, तिने मला दगड घालून बुडवावे? ते दोन दिवस मी पाण्याखाली पडून फक्त एकच विचार केला, की यापुढे मी हिलाही सोडणार नाही. माशांची पिल्ले माझ्या फळ्यांना टोचत होती. मला तर त्यांचाही राग आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावई करवत घेऊन आला. मागून बाई आली.

"आधी दगड काढा आणि पाणी उपसा," ती म्हणाली. "भरलेली होडी कापता येते होय?"

त्याने दगड काढले आणि बादलीने पाणी उपसू लागला. मी वर येत गेले. कड दिसली, मग आतल्या आडव्या पट्ट्या, मग तळ. तळाचे शेवटचे पाणी त्याने फडक्याने टिपले. मग तो थांबला. पाणी परत आत येण्याची वाट बघत तो तसाच उकिडवा बसून राहिला. पाणी आले नाही. त्याने तळहात माझ्या फळ्यांवर फिरवला, मग सांध्यांवरून बोट फिरवले. दोन दिवस पोटभर पाणी पिऊन माझ्या फळ्या फुगल्या होत्या आणि एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. हे मलाही तोवर माहीत नव्हते, कारण आयुष्यात मी कधी इतकी सुकलेच नव्हते. बाईला माहीत होते. तिने मला बुडवले नव्हते, पाणी पाजले होते.

"करवत ठेवा," ती म्हणाली, "आणि पेट्या आणा."

त्या सकाळी आम्ही पलीकडे गेलो. पुढे जावई वल्हे घेऊन, मागे लेक, मध्ये पेट्यांना हात लावून बाई. सवयीने तो जोरजोरात हात मारू लागला, तसे बाईने त्याला हळू मारायला सांगितले. तळ्याच्या मध्यावर, जिथे पाणी सगळ्यांत खोल आहे, तिथे मला फार मोह झाला. एक झुकांडी दिली असती तर काम फत्ते होते. पण माझ्यात माश्या गुणगुणत होत्या, आणि त्या किती थोड्या उरल्या होत्या हे त्या आवाजावरून कळत होते. मी सरळ गेले. शेवटच्या पेटीच्या तोंडातला बोळा काढल्यावर पहिली माशी कितीतरी वेळ बाहेर आली नाही. मग आली आणि थेट फुलांकडे उडाली. बाई खाली गवतातच बसली.

आता माझ्या सवतीचे. ती टपाल वाटणाऱ्या बाईकडे गेली. तिला एकटीला, एक पिशवी घेऊन, तळ्याकाठच्या घरांना पटापट फिरायचे असते. परवा त्या दोघी माझ्या बाजूने गेल्या, आणि तांबडी पाण्यावरून इतकी सुरेख सरकत होती, की माझ्याच्याने नजर हटेना. तिच्यावर मी उगाच जळले. ती वाईट नव्हती, चुकीच्या घरी पडली होती. तेव्हा मित्रांनो, होडी घ्यायला जाल तेव्हा तिच्यातून काय न्यायचे आहे ते बरोबर घेऊन जा, ज्याला रोज बसायचे आहे त्याला बसवा, आणि गालिच्यावर नव्हे, पाण्यात बसवा. आणि घरात असलेली लाकडी होडी कधी सुकू देऊ नका.

तांबडीला मी माफ केले. जावयाला नाही. माझ्या पुढच्या भागात, बरोबर तो बसतो त्या जागेखाली, एक सांधा आहे. बाकीचे सगळे सांधे मी घट्ट धरून ठेवते, तो नाही. त्यातून थेंब थेंब पाणी येते. पेट्या कोरड्या राहतात, बाईचे पाय कोरडे राहतात, फक्त जावयाची विजार भिजते आणि पलीकडच्या काठावर उतरला की बागेतल्या बायका तोंडाला पदर लावतात. आपलेच काम कच्चे राहिले असे त्याला वाटते. म्हणून दर आठवड्याला तो कापूस, राळ आणि तेल घेऊन येतो, आणि ज्या होडीला त्याने म्हैस म्हटले होते तिच्यापुढे गुडघे टेकून तासभर ती फट बुजवतो. हल्ली तो माझ्याशी हळू आवाजात बोलतोसुद्धा. हात त्याचा चांगला बसला आहे. उरलेल्या अंगालाही तो न सांगता तेल लावतो.

तो गेला की मी ती फट पुन्हा उघडते.