कापड कुणाच्या हातचं

काशिनाथराव पुरस्कारप्राप्त विणकर आहेत, हे क्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. येवल्याहून मुलाकडे, मकरंदकडे, रिकार्टन या उपनगरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण तेवढ्यात त्यांनी अठ्ठ्याण्णव सालच्या त्या पैठणीची गोष्ट भेटेल त्याला ऐकवली होती. राज्य पुरस्कार, मंत्र्यांच्या हस्ते शाल, पेपरात फोटो. गोष्ट खरी होती. फक्त ती पैठणी त्यांनी विणली नव्हती.

विणली होती त्यांच्या बायकोने, श्यामलाबाईंनी. सत्त्याऐंशी साली काशिनाथराव स्कूटरवरून पडले, उजवा खांदा गेला तो गेलाच, आणि तोवर नुसत्या रेशमाच्या कांड्या भरून देणारी बाई मागावर जाऊन बसली. पुढची पंचवीस वर्षं ती तिथून उठली नाही. पण विणकर सोसायटीचं सभासदत्व नवऱ्याच्या नावावर, म्हणून पैठण्याही नवऱ्याच्याच नावावर. पुरस्काराच्या दिवशी श्यामलाबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. "घरातच आलाय ना पुरस्कार?" असं काशिनाथराव म्हणाले होते, आणि त्याही हो म्हणाल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, अंगावर हात टाकणं नाही. सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ती गोष्ट खरी वाटायला लागली होती, एवढंच.

नात स्वानंदी बारावीसारख्या शेवटच्या इयत्तेत. तिच्या शाळेत प्राचीन ग्रीसचा विषय होता आणि त्या टर्मला धडा होता अथेन्सच्या बायकांचा. फिओना नावाच्या उत्साही बाईंनी सुतारकामाच्या वर्गाकडून लाकडाचा एक उभा माग करून घेतला. वरच्या आडव्या दांड्याला लोकरीचे धागे बांधायचे आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजनं लोंबकळत सोडायची, असा अथेन्सचा माग. टर्मच्या शेवटी पालकांसमोर हातभर कापड विणून दाखवायचं ठरलं. आठवड्याभरात त्या धाग्यांचा नुसता गुंता झाला. तेव्हा स्वानंदी वर्गात म्हणाली, माझे आजोबा अवॉर्डवाले विणकर आहेत.

फिओनाबाईंचं बोलावणं आलं आणि काशिनाथराव इस्त्रीचा सदरा घालून निघाले. सोबत श्यामलाबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण नवऱ्याला साखरेचा त्रास, दर दोन तासांनी खायला द्यावं लागे.

वर्गात आधी धडाच चालू होता. फिओनाबाई सांगत होत्या आणि स्वानंदी आजीच्या कानाशी मोडक्यातोडक्या मराठीत भाषांतर करत होती. "आजी, त्या लेडीज घरात, आतल्या रूममध्ये राहायच्या. सगळ्या घराचे कपडे त्याच करायच्या. हीप्स ऑफ वर्क. सूत पण त्याच, विणायचं पण त्याच."

"मग त्यांची नावं काय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

स्वानंदीने प्रश्न पुढे पोचवला. फिओनाबाई थोड्या थांबल्या. कापडं कुजून गेली, त्या म्हणाल्या, आणि विणणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. चांगल्या घरच्या बाईचं नाव चारचौघांत निघू नये, अशीच तिथली रीत होती.

श्यामलाबाईंच्या मनात कुठंतरी ठसठसलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, साता समुद्रापलीकडच्या कुणा बायका, आणि त्यांचा राग यावा की त्यांच्यासाठी रडावं, हे त्यांना कळेना.

मग काशिनाथराव मागासमोर उभे राहिले. एक धागा ओढला, तो तुटला. दुसरा ओढला, शेजारचे चार गुरफटले. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता आणि दांडा तर डोक्याच्या वर. पाच मिनिटांनी ते वळून म्हणाले, "हा माग नव्हेच. असल्यावर काय विणणार कपाळ?"

श्यामलाबाई उठल्या, स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि पदर खोचला. "सरका जरा," त्या म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्यांचीही फजितीच झाली. येवल्याच्या मागावर खड्ड्यात पाय सोडून बसायचं, आणि प्रत्येक बाणा, म्हणजे आडवा धागा, फणीने आपल्या पोटाकडे ठोकायचा. पंचवीस वर्षांची सवय हातात मुरलेली. इथे श्यामलाबाईंनी उभ्याने विणायला घेतलं आणि सवयीने प्रत्येक बाणा खाली, आपल्याकडे ओढून बसवला. चार बोटं विणून होतात न होतात तोच सगळं विणकाम सैल पडून घसरायला लागलं. या मागावर कापड वरून सुरू होतं आणि बाणा वर, आभाळाकडे ठोकायचा असतो, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. पैठणीच्या कसबी बाईने उलटं विणलं होतं. मागच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं.

"उसवते," श्यामलाबाई म्हणाल्या. "उद्या परत येते. तुझ्या बाईंना सांग."

"उद्या कशाला?" काशिनाथराव म्हणाले. "झालं ना दाखवून."

"हातभर कापड म्हणाल्यात ना त्या बाई? मग हातभर होईल."

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या, आणि मग पुढचे तीन आठवडे रोज गेल्या. गुडघे दुखायचे, कारण या मागाला बसायची सोयच नाही. धाग्याचा धोटा इकडून तिकडे न्यायला बाईला स्वतःलाच येरझारा घालाव्या लागतात. लोकर रेशमासारखी गुळगुळीत नसते, केसाळ धागे एकमेकांना चिकटतात, ते बोटांनी सोडवत बसायचं. दिवसभरात जेमतेम दोन बोटं कापड होई. पोरं मोजायला लागली, एका माणसाच्या एका अंगरख्याला किती दिवस लागत असतील. एक मुलगी म्हणाली, पुस्तकात तर लिहिलंय की त्या बायका घरी बसून असायच्या. स्वानंदीने ते आजीला सांगितलं, तशा श्यामलाबाई मोठ्याने हसल्या. "बसून? एकदा उभं राहून बघ म्हणावं."

घरात मात्र काशिनाथराव फुगून बसले होते. त्यातच मंडळाचे अध्यक्ष प्रमोद यांनी व्हॉट्सॲपवर टाकलं की शाळेतल्या कार्यक्रमात ज्येष्ठ विणकर काशिनाथकाकांचा सत्कार होणार, सर्वांनी यावं. स्वानंदीने कापडाशेजारी लावायची पाटीही छापून आणली. तिच्यावर आजोबांचं नाव होतं.

"ही बदल," श्यामलाबाई म्हणाल्या. "माझं नाव घाल."

स्वानंदी म्हणाली, "बट आजी, एव्हरीवन थिंक्स आजोबा..."

"म्हणूनच बदल."

मकरंदने लॅपटॉपवरून मान वर केली. "आई, जाऊ दे ना. इतकी वर्षं काही बोलली नाहीस. आता लोकांसमोर बाबांना किती वाईट वाटेल. घरातलंच आहे सगळं."

"घरातलंच म्हणून गप्प बसले. चूक माझीही आहे, नाही म्हणत नाही. पण या वेळी दांड्यापाशी मी उभी होते. माझ्या पायांना विचार."

काशिनाथरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पाटीचं काय ठरलं ते कुणी बोललं नाही, आणि श्यामलाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. आता काय ते तिथेच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कार्यक्रमाला हॉल भरला. मंडळाची वीसेक माणसं आली होती, पोरांचे आईबाप होते. उभ्या मागावर पांढऱ्या लोकरीचं हातभर कापड, कडेला लाल किनार. शेजारी पाटी लावलेलीच नव्हती. फिओनाबाईंनी सांगितलं की आता विणकराने कापड मागावरून कापून उतरवायचं. त्यांनी श्यामलाबाईंकडे बघून हात केला. पण प्रमोद तोवर पुढे आले होते. एका हातात शाल, दुसऱ्यात कात्री, आणि दोन्ही त्यांनी काशिनाथरावांपुढे धरल्या.

"काका, या. हा मान तुमचा."

काशिनाथरावांचा डावा हात सवयीने पुढे झाला.

"कात्री इकडे द्या," श्यामलाबाई म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता, तरी हॉलमधलं बोलणं थांबलं. प्रमोद हसले. "काकू, तुम्ही मदत केलीत ते माहितीये आम्हाला, पण..."

"मदत नाही. विणलंय मी. हे मी विणलंय आणि अठ्ठ्याण्णव सालची पैठणीही मीच विणली होती. यांनाच विचारा."

नवरा नाही म्हणाला तर श्यामलाबाईंकडे पुरावा म्हणून कागदाचा कपटासुद्धा नव्हता. अथेन्सच्या त्या बायकांकडे होता तेवढाच.

काशिनाथरावांनी हात मागे घेतला. शालीकडे पाहिलं, मग नातीकडे.

"तिनंच विणली," ते म्हणाले. "माझा खांदा सत्त्याऐंशीलाच गेला. त्यानंतर मी मागावर बसलेलो नाही."

झालं. कुणी ओरडलं नाही, छत कोसळलं नाही. प्रमोदनी कात्री श्यामलाबाईंच्या हातात दिली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि श्यामलाबाईंनी एकेक धागा कापत कापड खाली उतरवलं. खालची वजनं खडखडत जमिनीला टेकली. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या मागोमाग संतापही आला. दोन-तीन वाक्यांचं काम होतं. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. येवल्यात त्या स्टेजवर हा माणूस हेच बोलला असता तर?

काशिनाथराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता झालं ना तुझ्या मनासारखं?"

"अर्धं झालं." श्यामलाबाईंनी कापडाची घडी घातली. "ऑक्टोबरात घरी गेलो की सोसायटीची सभा असते. तिथं हेच सांगायचं."

"अगं, तिथं सगळे ओळखीचे..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मी शेजारी उभी राहीन. तुमची जीभ अडली तर मी सांगेन."