चुन्याचा बाक

रिमोटची विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींचं मैदान तिनंच आखलं होतं. देखावा छान दिसतो म्हणून हट्टानं सगळ्यांची तोंडं मावळतीकडे ठेवली. चाचणीच्या संध्याकाळी लेक प्रेक्षकांच्या बाकासाठी मारलेल्या चुन्याच्या रेघांत फतकल मारून बसली होती.

नवऱ्याचं विमान वळलं आणि थेट सूर्यात शिरलं.

"अगं, दिसतच नाहीये!" तो ओरडला. घरघर मात्र जवळ येत होती. लेकीला "पळ!" म्हणायला तिनं तोंड उघडलं.

मागे धाडकन काहीतरी आदळलं. ती वळली. चुन्याच्या रेघांत नुसते मोडके पंख होते.

झाडामागून लेक म्हणाली, "मी मघाशीच उठले, आई. तिथं ऊन डोळ्यांत जातं, काही दिसतच नाही."