मोरीतल्या मुंग्या

निजामुद्दीन शिंप्याच्या तळपायात सुई रुतलेली होती आणि तो खुशाल मशीन चालवत होता. अनवरीनं ती ओढून काढली, तरी नवऱ्याचा पाय हलला नाही. तेव्हापासून तिच्या मनात एकच शब्द घर करून बसला: महारोग. शुक्रवारी बोरी अरबहून त्यांच्या लेकीला, गुलनारला, मागणी घालायला पाहुणे यायचे होते. असल्या बापाची पोरगी कोण करील? कुणकुण लागून शेजारच्या कांताबाईनं शिवायला टाकलेलं पोलकंही परत नेलं होतं.

नेरच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला लावले आणि तळव्याला टाचणी टोचली.

"टोचा ना साहेब, वाट पाहून राह्यलो," निजामुद्दीन म्हणाला.

डॉक्टर गंभीर झाला. अंगावर चट्टा मात्र कुठे सापडेना. "मुंग्या येतात?"

"लई येतात," अनवरीच बोलली. "रोज राख टाका, तरी हटत नाई."

"पायावर राख?"

"पायावर कायले? मोरीत! हे लघवीले जातात तिथं मुंग्यांची जत्रा भरते."

"अवं, साहेबासमोर काय बोलून राह्यली!"

डॉक्टर मात्र ताडकन उठला. त्यानं निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर उकळली. निळं हिरवट झालं, पिवळं झालं, शेवटी विटेसारखं लाल.

"महारोग नाही. मधुमेह आहे. रक्तातल्या साखरेनं पायाच्या नसा मारल्या."

अनवरीला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मंग पायात जीव येईन ना?"

डॉक्टर नळी धूत राहिला. "गोड बंद करा. पाय रोज तपासा," एवढंच म्हणाला.

परतताना निजामुद्दीन छाती काढून चालत होता. गल्लीच्या तोंडाशीच ओरडला, "कांताबाई, आणा पोलकं! महारोग नाई, साखर निघाली, साखर!"

कांताबाई दारात उभी होती. ती खालीच पाहत होती. "साखर निघाली का चप्पल बी पायातून जाते काय, मास्टर?"

अनवरीनं पाहिलं. त्याचा एक पाय अनवाणी होता. चप्पल कुठे सुटली, त्याला पत्ताच नव्हता. मागे गिट्टीवर रक्ताचे ठसे उमटत आले होते, आणि तो हसत उभा होता.

कांताबाईनं दार लावून घेतलं.

अनवरीनं आपली चप्पल काढून त्याच्या पायापुढे ठेवली. "शुक्रवारी पाहुणे आले का उठू नका," ती हळूच म्हणाली. "मशीनवर बसूनच सलाम करा."