धुऱ्यावरचं लव्हेंडर

मित्रांनो, मी लव्हेंडरचं एक जुनं झुडूप आहे. बुलढाण्याजवळच्या एका लहानशा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मुरमात उभा आहे. कोणी माझी कीव करावी म्हणून मी बोलत नाही. मी कसा जगलो ते ऐका.

माझा जन्म थंड डोंगराळ मुलखातल्या रोपवाटिकेत झाला. तिथून पुष्पांजलीने आम्हाला मागवलं. ती या घरची सून. सगळी रोपं तिने विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत लावली. मी तेवढा उरलो, म्हणून मला धुऱ्यावर खोचलं. मला फार राग आला होता.

तिचे सासरे वामनराव बैल घेऊन चालले होते. ते थांबले.

“सूनबाई, हे कायचं गवत लावून राह्यली?”

“वासाचं झाड आहे, बाबा. याच्या फुलाचं तेल निघते.”

“मानूस खाते का हे?”

“नाही.”

“ढोरं?”

“नाही, बाबा.”

“मंग काऊन लावून राह्यली?”

पुष्पांजली हसली आणि माती दाबत राहिली.

आमची पानं जन्मतःच पांढुरकी असतात. तिचा नवरा गोकुळ मायाळू माणूस. त्याला वाटलं, बिचारी तहानलेली दिसतात. तो रोज पाणी सोडू लागला. काळी माती पाणी धरून बसते. त्यात पावसाळा आला आणि माझ्या भावंडांची मुळं कुजली. एकेक करून सगळी गेली. गोकुळचा पाइप धुऱ्यापर्यंत पोचत नव्हता आणि मुरमात पाणी थांबत नव्हतं, म्हणून मी राहिलो.

पावसाळा सरला. वामनराव वखर घेऊन आले. वाफे मोडत मोडत ते धुऱ्याकडे वळले. पुष्पांजली धावत आली आणि बैलांच्या पुढे उभी राहिली.

“बाबा, हे जित्तं आहे!”

“बाकीचे मेले न सारे?”

“ते माह्या चुकीनं मेले. याची काय चूक?”

वामनरावांनी कासरा ओढला. मग त्यांनी बैल फिरवले. “राहू दे. तसंही धुऱ्यावर माह्यं काही पिकत नाही,” असं पुटपुटत ते गेले.

पुढे उन्हाळा आला. माझी पानं करपली. पुष्पांजलीने तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रोवून वर जुनं लुगडं बांधलं. पाणी मात्र ती मोजकंच घाली. मी मुळं खाली खाली रेटत गेलो. दगड लागला की वळसा घालायचो, पण थांबलो नाही.

हिवाळ्यात मला पहिलं फूल आलं. शेजारच्या अन्नपूर्णाबाई मुद्दाम पाहायला आल्या. “अव माय, इतलंसं? मले वाटलं सूर्यफुलायेवढं असन!” त्या खो खो हसल्या. हसू देत. त्या दिवशी दुपारपर्यंत मधमाश्या आल्या होत्या.

मग पुष्पांजलीने माझ्या फांद्यांची कलमं केली आणि मुरमाड पट्टीत उंच गादीवाफ्यांवर लावली. काही जळाली. तिने पुन्हा लावली. आज ती सारी पट्टी फुलते. तिथल्या प्रत्येक झुडपात माझाच जीव आहे.

आता माझं खोड लाकडासारखं झालं आहे. फुलंही कमी येतात. परवा गोकुळ कुदळ घेऊन आला. “याच्यात आता दम नाही. नवं लावतो,” तो म्हणाला.

बाजेवर बसलेले वामनराव ताडकन उठले. “अबे, मी म्हातारा झालो तं मलेही उपटशीन का?”

गोकुळने कुदळ खाली ठेवली.

मित्रांनो, पाणी घालण्याआधी माती बोटाने चाचपा. उपटण्याआधी एखादी फांदी वाकवून पाहा. कटकन मोडली तर सुकली, वाकली तर जिवंत. तुम्ही एवढं करा. बाकीचं मी बघतो.